कॅबिनेट घेताना आधी हाताला जागा बघा

गेल्या वर्षी भाचीचा कॉम्प्युटर जोडायला बसलो. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थ्रीडी मॉडेल रेंडर करायला तिला चांगलं मशीन हवं होतं. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), सगळं तिने महिनाभर वाचून आणि चार ठिकाणी भाव काढून घेतलं होतं. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्या डब्यात बसतं तो, मात्र फोटोत छान दिसलं म्हणून घेतलं. बोर्ड बसला, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसला, कार्ड बसलं. शेवटी बाजूची काच लावायला गेलो तर ती लागेना. कूलरची उंची १५५ मि.मी. आणि कॅबिनेटमध्ये जागा १५० मि.मी. अर्ध्या सेंटिमीटरपायी सगळं पुन्हा सोडवून दुसरं कॅबिनेट आणावं लागलं.

त्या पहिल्या कॅबिनेटशी आम्ही दोघं पाच तास झगडलो होतो. पत्र्याच्या कडेने बोट कापलं, प्रोसेसरची वायर वरच्या कोपऱ्यात पोचवायला चिमटा घ्यावा लागला. दुसऱ्या, ऐसपैस कॅबिनेटमध्ये तीच जोडणी भाचीने एकटीने दोन तासांत केली. वस्तू त्याच होत्या, फरक फक्त जागेचा. म्हणून पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्याला मी आग्रहाने सांगतो की दुसरीकडे थोडी काटकसर करा, पण कॅबिनेट मोकळं घ्या.

असं सांगायला आणखी एक कारण आहे. आत बसणाऱ्या बाकीच्या वस्तू चार-पाच वर्षांत जुन्या होतात, कॅबिनेट होत नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे माप ठरवलं. त्यातली मदरबोर्डच्या स्क्रूंच्या भोकांची जागा आजही तीच आहे. आज घेतलेल्या चांगल्या कॅबिनेटमध्ये तुमचा पुढचा बोर्ड आणि त्याच्या पुढचाही बसेल.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे बरेच जण अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. दुकानात डबा हवा असेल तर ‘कॅबिनेट’ म्हणा. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात त्यालाच ‘केस’ किंवा ‘चेसिस’ म्हटलेलं दिसेल.

पायरी १: आधी कागदावर मापं

कॅबिनेट बघायला जाण्याआधी कागद घ्या आणि आत काय बसणार आहे ते मिलिमीटरमध्ये लिहा. हे आकडे प्रत्येक वस्तूच्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतात, पाच मिनिटांचं काम आहे.

मदरबोर्डचा प्रकार पहिला. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मि.मी., मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मि.मी., मिनी-आयटीएक्स १७० × १७० मि.मी. मग ग्राफिक्स कार्डाची लांबी. आरटीएक्स ४०६० सारखं दोन पंख्यांचं कार्ड साधारण २४०-२५० मि.मी. भरतं. आरटीएक्स ४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन ३०४ मि.मी. लांब आहे, आणि त्याच चिपवर इतर कंपन्यांनी काढलेली काही कार्डं ३४० च्या पुढे जातात. म्हणजे चिपचं नाव सांगून भागत नाही, नेमकं मॉडेल पाहिजे. मग प्रोसेसरवरच्या कूलरची उंची: डीपकूलचा एके४०० १५५ मि.मी., नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मि.मी. शेवटी एसएमपीएसची लांबी. त्याची रुंदी १५० आणि उंची ८६ मि.मी. ठरलेली असते, पण लांबी १४० पासून १८० पर्यंत, कधी त्याहूनही जास्त असते.

भाचीच्या कागदावर शेवटी एवढंच होतं: मायक्रो-एटीएक्स, कार्ड २४५, कूलर १५५, एसएमपीएस १४०. हा कागद आधी केला असता तर पहिलं कॅबिनेट घरी आलंच नसतं.

पायरी २: आकार ठरवा

बाजारात मिनी टॉवर, मिड टॉवर आणि फुल टॉवर असे प्रकार मिळतात. पहिल्यांदा जोडणाऱ्याने मिड टॉवर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बोर्ड मायक्रो-एटीएक्स असला तरीही. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, कारण बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांच्या जागा दोन्ही मापांसाठी केलेल्या असतात. बोर्डच्या खाली जी जागा उरते ती वाया जात नाही. खालच्या कडेला पुढच्या पॅनलच्या बारीक वायरी लावताना बोटं तिथेच मावतात.

‘मिड टॉवर’ या नावावर मात्र विसंबू नका, कंपन्या ते सैलपणे वापरतात. बाहेरच्या तीन मापांचा गुणाकार करा. कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो ४५३ × २३० × ४६६ मि.मी. आहे, म्हणजे सुमारे साडेअठ्ठेचाळीस लिटर. नवख्याने पंचेचाळीस ते पंचावन्न लिटरच्या दरम्यान राहावं. त्याखाली गेलात की प्रत्येक वस्तू कोणत्या क्रमाने आत घालायची याचा हिशेब करत बसावं लागतं. फुल टॉवरची गरज फार थोड्यांना असते. तो जड असतो आणि आपल्या घरातल्या साध्या टेबलाखाली मावतही नाही. मिनी-आयटीएक्सची छोटी कॅबिनेटं दिसायला गोड आहेत, पण ती तिसऱ्या-चौथ्या जोडणीसाठी राखून ठेवा.

रुंदीकडे खास लक्ष द्या, कारण फोटोत ती कळत नाही. कूलर किती उंच बसेल आणि मदरबोर्डच्या मागे वायरींना किती जागा मिळेल या दोन्ही गोष्टी रुंदीवर ठरतात. २१० मि.मी. पेक्षा अरुंद कॅबिनेट दिसलं की मी पुढे सरकतो.

पायरी ३: तीन आकडे जुळवा

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तीन मर्यादा दिलेल्या असतात: कार्डाची लांबी, कूलरची उंची, एसएमपीएसची लांबी. ४०००डी एअरफ्लोत ३६० मि.मी. पर्यंतचं कार्ड आणि १७० मि.मी. पर्यंतचा कूलर बसतो. लियान लीच्या लॅनकूल २१६ मध्ये कार्ड ३९२ पर्यंत आणि कूलर १८० पर्यंत जातो. हे आकडे आणि तुमच्या कागदावरचे आकडे यांत कार्डाला निदान ३० मि.मी. आणि कूलरला निदान ५ मि.मी. सूट ठेवा. काठोकाठ जुळणारं माप आत बसतं खरं, पण बसवताना कार्ड तिरकं करायला जागा लागते आणि तीच नसते.

आता काही बारकावे, जे माहितीपत्रकात लहान अक्षरात असतात किंवा नसतातच.

पाण्याचा कूलर पुढच्या बाजूला लावणार असाल तर त्याचा रेडिएटर (ज्यात पाणी थंड होतं तो भाग) २७ मि.मी. आणि त्यावरचे पंखे २५ मि.मी., असे ५२ मि.मी. कार्डाच्या जागेतून जातात. ‘२४० चा रेडिएटर’ म्हणजे २४० मि.मी. लांबीचा नव्हे. दोन १२० च्या पंख्यांची ती बेरीज आहे, रेडिएटर स्वतः २७५ मि.मी. च्या आसपास भरतो. वरच्या बाजूला लावायचा असेल तर हेच ५२ मि.मी. खाली बोर्डकडे येतात आणि वर उंच पत्र्याचं कवच असलेल्या रॅमला अडतात.

एसएमपीएसच्या लांबीत त्याच्या वायरी धरलेल्या नसतात. सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर तोंडापाशी वायर वळायला आणखी तीन-चार सेंटिमीटर लागतात. समोर हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर दोघांची टक्कर होते. आज बहुतेकांचं काम मदरबोर्डवर चिकटून बसणाऱ्या एम.२ एसएसडीवर भागतं. तेव्हा पिंजरा स्क्रू काढून बाहेर निघतो का ते बघा आणि लागत नसेल तर काढूनच टाका.

तिसरी गोष्ट मोठ्या कार्डांची. २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर सोळा पिनांची नवी पॉवर वायर आली. तिला कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्यावं लागतं, तिथेच मुरगळली तर संपर्क ढिला होऊन कनेक्टर तापतो. अरुंद कॅबिनेटमध्ये काच लावताना नेमकी हीच वायर दाबली जाते. असं कार्ड घेणार असाल तर कार्डाची रुंदी आणि वरचे हे साडेतीन सेंटिमीटर मिळून काचेच्या आत राहतात का ते मोजा.

पायरी ४: हात कुठे कुठे जातो

आकडे जुळले म्हणजे जोडणं सोपं झालं असं नाही. त्याच मापाची दोन कॅबिनेटं शेजारी ठेवलीत तर एकात काम सुरळीत होतं आणि दुसऱ्यात चिडचिड होते. फरक असतो पत्र्यातल्या भोकांत आणि कडांत.

मागचं झाकण उघडून मदरबोर्डच्या ताटाच्या, म्हणजे बोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याच्या, मागे बोट उभं घाला. तिथे २० मि.मी. तरी हवेत, २५-३० असतील तर उत्तम. मदरबोर्डला वीज देणारी चोवीस पिनांची जाड वायर याच फटीतून जाते. फट कमी असली की मागचं झाकण फुगतं आणि गुडघ्याने दाबून बंद करावं लागतं.

प्रोसेसर जिथे येतो तिथे ताटाला मोठी चौकोनी खिडकी असावी. कूलरची मागची पट्टी त्यातून लावता येते, नाहीतर कूलर बदलायला अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या आठ पिनांच्या वायरीसाठी वेगळं भोक असावं, आणि कनेक्टर आडवा न अडकता त्यातून जायला हवा. स्वस्त कॅबिनेटमध्ये हे भोक एक तर नसतं, नाहीतर बोर्ड बसल्यावर झाकलं जातं. भाचीच्या पहिल्या कॅबिनेटमध्ये चिमटा लागला तो इथेच.

मागच्या बाजूला वायरी बांधायला पत्र्याचे छोटे हूक आणि वेल्क्रोच्या पट्ट्या असल्या की मोठी सोय होते. खाली एसएमपीएसवर पत्र्याचं आच्छादन असेल तर उरलेल्या वायरी तिथे सरकवता येतात. झाकणांचे स्क्रू हाताने फिरणारे असावेत आणि सोडवल्यावर झाकणालाच अडकून राहणारे असतील तर फारच चांगलं.

पत्र्याची जाडी ०.७-०.८ मि.मी. असेल तर ताट वाकत नाही. ०.५ च्या पत्र्याचं कॅबिनेट दोन्ही हातांनी तिरपं उचललं की करकरतं आणि त्यात बोर्डच्या भोकांची रांग जुळत नाही. कडा आत दुमडलेल्या आहेत का हे बोट हलकेच फिरवून बघा.

कार्डाच्या मागच्या खाचांवरच्या पट्ट्या स्क्रूने लावलेल्या हव्यात. काही स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या पत्र्यातच कापलेल्या असतात आणि मोडून काढाव्या लागतात. एकदा मोडली की परत लागत नाही, तिथून कायमची धूळ.

असुसच्या बीटीएफ आणि एमएसआयच्या प्रोजेक्ट झीरो बोर्डांवर वायरींचे सॉकेट मागच्या बाजूला असतात. असा बोर्ड घेतला असेल तर ताटाला नेमक्या त्या जागी भोकं असलेलं कॅबिनेटच लागेल.

पायरी ५: हवा आणि धूळ

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पंखा खोलीतलीच हवा आत ढकलतो, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा खाली कधीच येत नाही. आपल्याकडे पुढची बाजू जाळीची असलेलंच कॅबिनेट घ्यावं. पुढे अखंड काच आणि कडेला दोन बोटांची फट, असलं कॅबिनेट दुकानात कितीही चमकलं तरी घेऊ नका.

पुढून दोन पंखे आत ओढणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढं साध्या मशीनला पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग हवा फटीफटीतून आत शिरत नाही, फक्त जाळीतून गाळून येते. पंख्याची दिशा ओळखायला सोपी खूण आहे: ज्या बाजूला आडव्या दांड्यांची चौकट असते त्या बाजूने हवा बाहेर पडते.

१४० किंवा १६० मि.मी. चे मोठे पंखे कमी वेगात तेवढीच हवा देतात आणि आवाज कमी करतात. लॅनकूल २१६ मध्ये पुढे १६० चे दोन आणि मागे १४० चा एक पंखा लावूनच येतो. सोबत आलेले पंखे किती हे मोजण्यापेक्षा त्यांची वायर बघा. चार पिनांची वायर मदरबोर्डला लागते आणि वेग कमी-जास्त करता येतो. एसएमपीएसच्या मोठ्या मोलेक्स पिनेला लागणारे पंखे दिवसभर एकाच वेगाने घोंघावतात.

रंगीत दिव्यांचे पंखे असतील तर एक धोका लक्षात ठेवा. एआरजीबीचा तीन पिनांचा कनेक्टर ५ व्होल्टचा असतो आणि साध्या आरजीबीचा चार पिनांचा १२ व्होल्टचा. ५ व्होल्टचे दिवे १२ वर लावले तर ते जळतात.

धुळीची जाळी पुढे, वर आणि एसएमपीएसच्या खाली, तिन्ही ठिकाणी हवी. खालची जाळी पुढून किंवा बाजूने सरकवून निघावी. ती काढायला कॅबिनेट आडवं करावं लागणार असेल तर महिन्याकाठी कोणी ती धूत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर आतल्या बाजूलाही रंग दिलेला पत्रा बघून घ्या. खाऱ्या दमट हवेत उघड्या कडांना गंज लवकर धरतो.

पायरी ६: दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या भडकमकर मार्गावर, किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात प्रत्यक्ष जाऊन कॅबिनेट उघडून बघता आलं तर ती संधी सोडू नका. ‘दादा, दोन्ही झाकणं जरा उघडून दाखवता का?’ एवढं विचारायला संकोच कसला? वरच्या डाव्या कोपऱ्यात हात घाला, मागच्या फटीत बोट घाला, जाळी ओढून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर कोणीतरी त्याच कॅबिनेटमध्ये जोडणी केलेला व्हिडिओ शोधा आणि मागची बाजू दाखवतात तो भाग थांबवून बघा.

आणि एक कळकळीची विनंती. ‘कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट’ अशी योजना कितीही मोहक वाटली तरी ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने ती घेऊ नये. वॅटचा मोठा आकडा स्टिकरवर असतो, पण तेवढा भार पेलायची आणि बिघाड झाला तर वेळेत बंद पडायची खात्री नसते. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, वेगळा घ्या.

पायरी ७: जोडणीचा दिवस

फरशीवर आधी गोधडी किंवा जाड सतरंजी अंथरा. बाजूची काच टेम्पर्ड असते. ती सपाट बाजूने दणकट असली तरी तिचा कोपरा टाइलला नुसता टेकला तरी क्षणात चुरा होतो, कारण टाइल काचेपेक्षा कठीण असते आणि सगळा भार एका टोकावर येतो. आपल्या बहुतेक घरांत टाइलच आहेत, तेव्हा काच काढली की सरळ गादीवर आडवी ठेवा.

प्रोसेसर, रॅम आणि एम.२ बाहेर टेबलावरच बोर्डवर बसवा. कूलर मध्यम आकाराचा असेल तर तोही. कॅबिनेट आडवं करा, दोन्ही झाकणं दूर. मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी सुटी आली असेल तर ती आधी लावा, ही विसरली की सगळा बोर्ड परत काढावा लागतो. मग पितळी खुंट्या मोजा: एटीएक्स बोर्डला नऊ, मायक्रो-एटीएक्सला बहुधा आठ, मिनी-आयटीएक्सला चार. बोर्डला जिथे भोक नाही तिथे खुंटी राहिली तर ती मागून टेकून शॉर्ट करू शकते, ती काढून टाका.

बोर्ड बसवण्याआधी प्रोसेसरची आठ पिनांची वायर वरच्या भोकातून ओढून ठेवा. बोर्ड बसला की खालच्या कडेच्या पॉवर, रिसेट आणि दिव्यांच्या बारीक वायरी लावा. यात अधिक-उणे फक्त दिव्यांना बघावं लागतं, बटणांच्या वायरी उलट लागल्या तरी चालतात. पुढच्या यूएसबीची जाड निळी किंवा काळी वायर सरळ दाबा, तिच्या पिना पटकन वाकतात. एसएमपीएसचा पंखा खाली जाळीकडे. कार्ड सगळ्यात शेवटी, कारण ते बसलं की खालचा अर्धा भाग झाकला जातो.

वायरी बांधायची घाई करू नका. आधी काच न लावता मशीन चालू करा, सगळे पंखे फिरतात का, रॅम आणि एसएसडी दिसते का ते बघा, मग मागच्या वायरी बांधा.

चालू मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॅबिनेटला दोष देऊ नका. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा बारीकसा प्रवाह पत्र्यावर येतो आणि एरवी तो अर्थिंगच्या वायरीतून निघून जातो. झिणझिण्या म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडा. उरलेले स्क्रू आणि खुंट्या एका छोट्या पिशवीत घालून एसएमपीएसच्या आच्छादनाखाली चिकटवून ठेवा. तीन-चार वर्षांनी नवा बोर्ड आणाल तेव्हा त्या तिथेच सापडतील.